दोन मिनिटांच्या बाई

पुडी मी फेकली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला उगाच कुणावर संशय घेत बसायला नको.

झालं असं, की पोस्टातून निवृत्त झाल्यापासून मी घरात फार दिसायला लागलो होतो. घरात फार दिसणाऱ्या नवऱ्याला बायको आधी भाजी निवडायला देते, मग कपाटं आवरायला देते आणि शेवटी नणंदेला फोन करते. त्या फोनचा परिणाम म्हणून मी रोज सकाळी मेहुण्यांच्या घोडेस्वारीच्या शाळेत जायला लागलो. मेहुणे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्या शाळेत घोडे सतरा, शिकायला येणारी मुलं साठ-सत्तर आणि माझ्यासाठी काम शून्य. ताईने पहिल्याच दिवशी बजावलं, "आलास ते बरं केलंस. पण रिकामा बसू नकोस आणि घोड्यांच्या मागे उभा राहू नकोस." दुसरी सूचना मी तंतोतंत पाळली. सगळा घोटाळा पहिली पाळायला गेलो म्हणून झाला.

बुधवारी सकाळी मी प्रयोगशाळा आवरायला घेतली. प्रयोगशाळा हा शब्द जरा मोठा झाला. पूर्वी तिथे खोगिरं ठेवायचे. एक खिडकी, एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक, नमुने गरगर फिरवायचं एक यंत्र आणि एक छोटा फ्रिज. फ्रिजवर चिठ्ठी : 'यात डबे ठेवू नयेत. ठेवल्यास काय खाल्लंत याची जबाबदारी तुमची.' फळीवर तपासणीच्या कागदी पट्ट्यांची डबी होती. उघडून पाहिली तर पट्ट्यांच्या जोडीला आत एक चिमुकली पुडी, आणि तिच्यावर चार भाषांत 'खाऊ नका'. आता जे खायचं नाही ते ठेवायचं कशाला? टाकली केरात. झाकण मात्र मुद्दाम उघडं ठेवलं. बिचाऱ्या पट्ट्या त्या कोंदट डबीत घुसमटल्या असतील, जरा मोकळी हवा लागू दे, असा माझा उदात्त हेतू. खिडकीबाहेर मोतद्दार पाइपने घोडे धूत होता. मोतद्दार म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा माणूस. त्याच्या पाण्याचे तुषार खिडकीतून आत येत होते. मोठं प्रसन्न वाटत होतं. दुपारी झाकण लावलं आणि कामसू माणसाच्या समाधानाने घरी जाऊन ताणून दिली.

त्या डबीच्या मालकीणबाईंची ओळख करून दिल्याशिवाय माझ्या पराक्रमाचा आकार तुमच्या लक्षात येणार नाही.

बाई पन्नाशीच्या. उंची बेताची. घोड्यासमोर उभ्या राहिल्या, की घोड्याचं तोंड त्यांच्या डोक्यावर टोपीसारखं दिसायचं. हातात नवऱ्याचं जुनं घड्याळ. नवरा बस चालवायचा, त्याचं मनगट चांगलं जाडजूड, त्यामुळे बाईंनी पट्ट्याला तापल्या खिळ्याने आणखी चार भोकं पाडून घेतली होती. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. कुणी काही बोलायला लागलं की बाई हात किंचित वळवून ते बघायच्या आणि बोलणाऱ्याला आपोआप मुद्दा सुचायचा.

आपण सगळेच "दोन मिनिटं हं" म्हणतो. त्यात आपण खोटं बोलत नसतो आणि मोजतही नसतो. बाईंच्या दोन मिनिटांत मात्र एकशेवीस सेकंद असत. एकदा घोड्यांना नाल ठोकणारा नालबंद "दोन मिनिटांत येतो" म्हणून गेला आणि हलत डुलत परत आला. बाई दारातच उभ्या. म्हणाल्या, "अडतीस मिनिटं उशीर." त्या दिवसापासून तो गडी बाईंना "येतो कधीतरी" असं सांगून जातो. बाईंचे यजमान एकदा भेटले होते. मी म्हटलं, "घरी पण असंच का हो?" ते म्हणाले, "घरी बरं आहे. भांडण वेळेत संपतं. मी तावातावाने बोलत असतो, ही हात वळवून बघते आणि म्हणते, झालं का तुमचं?"

शाळेत सगळे त्यांना 'दोन मिनिटांच्या बाई' म्हणतात. समोर नुसतं 'बाई'.

त्या आधी माणसांच्या इस्पितळात होत्या. वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजायच्या. मग तिथे पेशी मोजणारं यंत्र आलं. "ते आलं, मी इथे आले," एवढंच त्या सांगत. सूर असा, की जणू बसमध्ये कुणी म्हातारं चढलं म्हणून जागा दिली. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी जनावरांच्या तरुण डॉक्टरांनी त्या पट्ट्या आणल्या, तेव्हा मेहुण्यांना वाटलं, आता बाई रुसणार.

या पट्ट्यांचं काम असं. घोडा खोकतो, धापा टाकतो, पण ताप नाही, नाक वाहत नाही. मग त्याच्या फुप्फुसात काय चाललंय हे कळावं कसं? डॉक्टर घोड्याला गुंगीचं इंजेक्शन देतात, नाकातून लांब नळी फुप्फुसात उतरवतात, मिठाचं स्वच्छ पाणी आत सोडतात आणि परत ओढून घेतात. त्या पाण्याबरोबर फुप्फुसातल्या पेशीही येतात. पूर्वी ते पाणी शहरात पाठवायचे. अहवाल नऊ दिवसांनी यायचा. तोवर घोडा बरा तरी झालेला असायचा नाहीतर विकला तरी गेलेला असायचा. पट्टी पाण्यात बुडवली, की दोन मिनिटांत सांगते. सुजेच्या पेशी फार असतील तर तिच्या टोकाचा पांढुरका चौकोन जांभळा होतो.

बाई त्या पेशींना 'पाहुणे' म्हणायच्या. शाळेत मी सगळ्यांचाच मामा. मला त्यांनी समजावलं होतं, "चार पाहुणे कुठल्याही घरात असतात, मामा. पण घर पाहुण्यांनी भरलं, की समजावं, आत काहीतरी घडलंय. पट्टी दारातून बघून सांगते, गर्दी आहे. कोण कोण आलंय, किती जण आलेत, ते मी आत जाऊन मोजते."

रुसल्या वगैरे अजिबात नाहीत. पट्टीवर विश्वासही ठेवला नाही. साठ नमुने त्यांनी पट्टीनेही तपासले आणि डोळ्यांनीही मोजले. सगळं वहीत लिहिलं. मी विचारलं, "मग काय निघालं?"

"सत्तावन्न वेळा पट्टीचं आणि माझं जमलं."

"आणि तीन वेळा?"

"दोनदा पट्टी चुकली."

"आणि एकदा?"

"एकदा मी."

हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, की चुकलेली बाई दुसरीच कुणीतरी असावी आणि यांना तिच्याबद्दल विशेष राग नसावा.

तर अशा बाईंच्या डबीला मी हवा दाखवली होती. आणि ती कुठल्या बुधवारी? ज्याच्या दुसऱ्या दिवशी काकूचा निकाल लागायचा होता, त्या बुधवारी.

काकू ही घोडी. मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन परतणाऱ्या काकूसारखी चालते म्हणून काकू. अकरा वर्षं तिने पोरांना पाठीवर बसायला शिकवलं. पोरगं घसरायला लागलं, की स्वतः थांबायची. पण तीन महिन्यांपासून ती मैदानाच्या अर्ध्या फेरीतच थांबायला लागली. खोकायची आणि उभी राहायची. मेहुण्यांचं मत ठाम. "ढोंग आहे. मैदानावर खोकते आणि चाऱ्याकडे कशी पळत जाते बघा!"

मी म्हटलं, "भाऊजी, चाऱ्याकडे मीही पळत जातो. आणि जिना चढताना खोकतो."

"तुम्हालाही विकायचं माझ्या मनात आहे, पोस्टमास्तर. घेणारा मिळत नाही."

काकूला मात्र घेणारा मिळाला होता. विटांच्या भट्टीवाला. त्याला गाडी ओढायला घोडी हवी होती. म्हणजे दिवसभर विटांची धूळ आणि भट्टीचा धूर. डॉक्टरांनी मेहुण्यांना स्पष्ट सांगितलं, की फुप्फुसांना सूज असेल तर ती भट्टीवर हिवाळाही काढणार नाही. इथे राहिली, चारा भिजवून दिला, कोंदट पागेतून बाहेर मोकळ्यावर ठेवली, तर तीन-चार महिन्यांत पोरं घेऊन फिरेल. मेहुणे तसे कठोर नाहीत, फक्त त्यांना कुणी फसवलेलं खपत नाही, मग ती घोडी का असेना. त्यांनी शब्द दिला, "गुरुवारी तपासा. खरंच आजारी असेल तर माझी. ढोंग असेल तर ट्रकात."

गुरुवारी सकाळी दहाला ट्रक फाटकाशी येऊन उभा. भट्टीवाला गोल चेहऱ्याचा, हसतमुख गृहस्थ. त्याच्यावर रागावावं म्हटलं तरी जमेना.

डॉक्टरांनी काकूला इंजेक्शन दिलं. तिचं डोकं हळूहळू खाली आलं, खालचा ओठ लोंबायला लागला, आणि लग्नाच्या पंगतीनंतर खुर्चीत डुलक्या घेणाऱ्या बाईसारखी ती दिसायला लागली. मोतद्दाराने डोकं खांद्यावर घेतलं. नळी गेली, पाणी गेलं, परत आलं. वर पांढरा फेस. बाई म्हणाल्या, "फेस चांगला आलाय. खोलवरचं आहे," आणि त्या पाण्याचं नळकांडं छातीशी धरून खोलीकडे निघाल्या. मागोमाग आम्ही सगळे.

बाईंनी डबीतून पट्टी काढली, बुडवली, काचेवर आडवी ठेवली, हात वळवला. आम्ही दारात माना पुढे काढून उभे.

"झाली की जांभळी!" मेहुणे म्हणाले.

"अजून पंच्याऐंशी सेकंद."

"अहो, दिसतंय ना!"

"ऐंशी."

पट्टी जांभळी झाली. साधीसुधी नाही, वांग्यासारखी. मेहुण्यांचा चेहरा पडला. ते बाहेर गेले आणि काकूच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. "इतके दिवस मी हिला टाच मारत होतो," असं ते मोतद्दाराला म्हणाले, आणि मग भट्टीवाल्याला नाही म्हणायला फाटकाकडे निघाले.

मी मनात म्हटलं, चला, जिंकलो! खोलीत मी, बाई आणि डॉक्टर उरलो. डॉक्टर सामान आवरत होते. बाईंनी दुसरी पट्टी काढली.

"आता ही कशाला?" मी विचारलं.

"नुसत्या पाण्यात बुडवायला. नेहमी करते."

घोड्यात न गेलेलं, बाटलीतलं मिठाचं कोरं पाणी त्यांनी थोडं ओतलं, त्यात पट्टी बुडवली आणि हात वळवला. दोन मिनिटं आम्ही तिघं त्या चौकोनाकडे बघत उभे. चौकोन जांभळा झाला. वांग्यासारखाच.

"अरे वा, हीसुद्धा!" मी म्हटलं. माझ्या बुद्धीचा वेग तुमच्या लक्षात आलाच असेल.

"हे बाटलीतलं पाणी आहे, मामा," बाई शांतपणे म्हणाल्या. "याला कुठून आला खोकला?"

त्यांनी डबी उलटी करून सगळ्या पट्ट्या काचेवर ओतल्या. एकूण एक पट्टीचा पांढुरका चौकोन बिस्किटाच्या रंगाचा झालेला.

"पुडी कुठे आहे?"

"कसली पुडी?" हे मी अशा स्वरात विचारलं, की डॉक्टरांनीसुद्धा माझ्याकडे बघितलं.

"ओल शोषणारी. डबीत असते. ती नसेल तर पट्ट्यांना हवा लागते आणि त्या मरतात. मग कशातही बुडवा, जांभळ्याच होतात."

मग मी सगळं सांगितलं. उघडं झाकण, मोकळी हवा, तुषार. प्रसन्न वाटलं होतं, तेही सांगून गेलो. बाई एकेक पट्टी उचलून केरात टाकायला लागल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडणं थांबतं तरी.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "बाई, माझ्या मते ती आजारी आहेच. खोकला ऐकलाय मी."

"मलाही तसंच वाटतं," बाई म्हणाल्या.

मी लगेच कुजबुजलो, "मग झालं तर! आपल्याला हवं तेच आलंय. भाऊजी नाही म्हणायला गेलेत. पुडीचं आपल्या तिघांतच राहू दे. काकू वाचली, तुम्ही सुटलात, मी सुटलो."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग दारात जाऊन फाटकाच्या दिशेने हाक मारली, "साहेब, थांबा! निकाल नाही!"

मेहुणे अर्ध्या वाटेवरून परत आले. "नाही म्हणजे? मघाशी होता ना!"

"मघाशी चूक होती. पट्ट्या खराब आहेत."

"मग घोडी आजारी आहे की नाही?"

"माहीत नाही."

"अहो, तुम्हाला माहीत नाही तर कुणाला माहीत?"

"पन्नास मिनिटांनी मला. त्यानंतर तुम्हाला."

मेहुण्यांना वाटलं, सगळे मिळून आपल्याला बनवतायत. कान लाल झाले. "पन्नास! एक्कावन्नावं लागलं की घोडी ट्रकात. माणूस तिकडे खोळंबलाय."

बाईंनी हात वळवला. "अकरा वाजून चार." मग माझ्याकडे वळल्या. "मामा, तुम्ही बाहेर. आणि पन्नास मिनिटं कशाला हात लावू नका. भिंतीलासुद्धा नको."

दार लागलं. आतून फिरणाऱ्या यंत्राची घरघर यायला लागली. मी भट्टीवाल्याला चहा पाजायला गेलो. शिक्षा म्हणून म्हणा नाहीतर प्रायश्चित्त म्हणून. तो म्हणाला, "मला साडेबाराला भट्टीवर पोचायचंय. आत काय चाललंय?"

"पाहुणे मोजतायत," मी म्हटलं.

त्याने कप खाली ठेवला आणि ट्रकच्या दाराशी सरकून बसला.

यंत्र थांबलं. मग बराच वेळ काहीच नाही. काचेवर थेंब पसरायचा, वाळू द्यायचा, रंगवायचा, धुवायचा, पुन्हा वाळू द्यायचा. हे सगळं मला माहीत होतं, तरी दर मिनिटाला वाटायचं, बाई आत नुसत्या बसल्यायत. खिडकीतून बघायला गेलो तर मोतद्दाराने माझ्या सदऱ्याला धरून मागे ओढलं. "मामा, नको. तुमची सावली पडली तरी काहीतरी बिघडायचं."

मग टिकटिक सुरू झाली. बाईंकडे पाच बटणांचं मोजायचं यंत्र होतं. पेशी दिसली, की तिच्या जातीचं बटण दाबायचं. शंभर झाल्या, की यंत्र 'टिंग' करतं. बाई नेहमी चारशे मोजायच्या. म्हणजे चार टिंग.

पहिली टिंग अकरा सदतीसला. मेहुणे म्हणाले, "एक झाली." आम्ही सगळे आता भिंतीपासून अंतर ठेवून, पण कान भिंतीकडे करून उभे. दुसरी टिंग अकरा बेचाळीसला. काकूची गुंगी उतरत होती. ती एकदा खोकली. मेहुण्यांनी तिच्याकडे बघितलं, पण आज "ढोंग" म्हणाले नाहीत. तिसरी टिंग अकरा सत्तेचाळीसला. मग टिकटिक थांबली. आतून काहीतरी पुसल्याचा आवाज.

"थांबल्या का?" मेहुणे माझ्या कानात म्हणाले. "विचारा ना जरा."

"तुम्ही विचारा. शाळा तुमची आहे."

"पुडी तुम्ही फेकलीत." म्हणजे डॉक्टरांनी सांगितलं होतं तर.

आमचं हे चालू असतानाच टिकटिक पुन्हा सुरू झाली. बाईंनी फक्त चष्मा पुसला होता. चौथी टिंग झाली तेव्हा मेहुणे स्वतःच्या घड्याळाकडे बघत होते. अकरा बावन्न. दार उघडलं नाही. अकरा त्रेपन्न. भट्टीवाल्याचा ड्रायव्हर ट्रकचा मागचा फाळका पाडायला लागला. त्या लोखंडाचा आवाज ऐकून काकूने कान टवकारले. ती घोडी ट्रकात चढली असती, तर तिचा लगाम माझ्या हाताने भट्टीवाल्याच्या हातात दिल्यासारखंच झालं असतं.

दार उघडलं. बाई कागद घेऊन बाहेर आल्या.

"शंभरात अठ्ठावीस पाहुणे," त्या म्हणाल्या.

मेहुण्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. "हे जास्त की कमी?"

"निरोगी घोड्यात पाचाच्या आत," डॉक्टर म्हणाले. "चांगलीच सूज आहे."

मेहुणे वळले. सरळ फाटकाकडे गेले. भट्टीवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. "आधी सांगायचं ना. खोकायला माझ्याकडे माणसं पुष्कळ आहेत." फाळका वर गेला, ट्रक गेला. मोतद्दाराने काकूला पागेत न नेता मागच्या मोकळ्या कुंपणात सोडलं आणि चारा भिजवायला पिंप भरायला घेतलं. तो पाइप माझ्या हातात द्यावा असं त्याच्या मनात क्षणभर आलं असावं; पण त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचार बदलला.

मेहुणे बाईंजवळ आले. माफी मागायची त्यांची एक पद्धत आहे. ते दुसऱ्याच विषयावर बोलतात. "बाई, तुमच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही वाटतं? सुताराला सांगतो."

"सांगा," बाई म्हणाल्या. "कधी येईल?"

मेहुण्यांच्या ओठांवर "दोन मिनिटांत" आलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. ते गिळून ते म्हणाले, "सोमवारी."

सगळे पांगल्यावर मी दारात जाऊन उभा राहिलो. बाई काचा धूत होत्या. टेबलावर त्यांची वही उघडी होती. आजच्या नमुन्यापुढे पट्टीच्या रकान्यात त्यांनी 'बाद' लिहिलं होतं आणि कारणाच्या रकान्यात 'ओल'. माझं नाव लिहिलं नव्हतं. जागा होती, तरी लिहिलं नव्हतं.

"बाई," मी म्हटलं, "शेवटी पट्टी म्हणाली तेच खरं निघालं की."

बाईंची एक काच धुऊन झाली, दुसरी घेतली.

माझ्याच्याने राहवेना. "बरं, समजा, नसतं निघालं. शंभरात तीन निघाले असते. खरं सांगा, तुम्ही काकूला ट्रकात जाऊ दिलं असतं?"

बाईंनी काच उजेडाकडे धरली, फुंकर मारली, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या,

"हो, आणि तुम्हाला तिच्या शेजारी बांधलं असतं."